जमिनीखालचं पाकीट

सकाळी नऊपासून मी आईच्या घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपाट रिकामं झालं होतं, रजया मालसुन मावशीकडे गेल्या होत्या, आणि जमिनीवरचं जुनं मेणकापड उचकटायला आलेला माणूस मला दोनदा म्हणाला होता, "बाई, तुम्ही एका जागी उभ्या राहिलात तर मला दुसऱ्या जागेचं काढता येईल." मी अंगणात जात होते, घड्याळ बघत होते, परत आत येत होते.

त्या दिवशी चार डिसेंबर होता आणि संध्याकाळी सहाला पोस्ट बंद होणार होतं.

आमच्याकडे कोरियात वर्तमानपत्रं नव्या वर्षाच्या पहिल्या अंकात एका नवख्या लेखकाची कथा छापतात. तिच्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीला हस्तलिखितं मागवतात. ज्याची निवड होते त्याला नाताळाच्या आधी फोन येतो, आणि एक जानेवारीच्या सकाळी गावभर तो लेखक म्हणून ओळखला जातो. ज्याला फोन येत नाही तो पुढच्या डिसेंबरची वाट बघतो. मी अशी तेवीस वर्षं वाट बघितली होती. आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. आई मार्चमध्ये गेली. यंदा पाठवायचं नाही असं मी ठरवलं, आणि ठरवल्या दिवसापासून माझं कशातच मन लागेना. कथा तयार होती म्हटलं तरी चालेल. ऐंशी पानांपैकी अठ्ठ्याहत्तर लिहून झाली होती. पाठवायचंच नव्हतं तर ती पानं त्या सकाळी माझ्या पिशवीत काय करत होती, ते मला विचारू नका.

"बाई," आतून तो माणूस म्हणाला, "इथं काहीतरी आहे."

आमच्या घरांची जमीन खालून तापते. पूर्वी बाहेरच्या बाजूला कोळशाची चूल असायची आणि तिच्याजवळची जागा सगळ्यात गरम. आई तिथंच झोपायची. त्या जागचं मेणकापड तपकिरी होऊन कडकडीत झालं होतं, आणि त्याच्याखाली तसंच तपकिरी झालेलं एक मोठं पाकीट होतं. वाळलेल्या माशासारखं चपटं आणि हलकं.

त्यावर वर्तमानपत्राचा पत्ता होता. खाली 'नववर्ष कथास्पर्धेसाठी' अशी ओळ होती. आणि कोपऱ्यात माझं नाव, बांग सन्ही. सगळं एकाच शाईत. ती शाई एके काळी लाल असणार. उष्णतेनं ती जुन्या तिखटाच्या रंगाची झाली होती.

आमच्यात जिवंत माणसाचं नाव लाल शाईनं लिहीत नाहीत. लाल नाव मेलेल्याचं. पहिलीतल्या मुलालासुद्धा हे माहीत असतं. स्पर्धेचा नियम फक्त एका ओळीपुरता आहे: कशासाठी पाठवलंय ती ओळ लाल लिहायची, म्हणजे पोत्यातून पाकीट पटकन निवडता येतं. बाकी सगळं काळ्यानं.

अक्षर कुणाचं, ते मला कळेना. मी तीस वर्षं मुलांना लिहायला शिकवते आहे. रेघ कुठून सुरू झाली आणि कुठं संपली ते मला बघता क्षणी कळतं. हे कुणी लिहिलेलं नव्हतंच. कुणीतरी समोर बघून चित्र काढावं तशी ही अक्षरं काढली होती. गोल उलट्या बाजूनं फिरवलेले, उभ्या रेघा खालून वर नेलेल्या.

मी पाकीट फाडलं. आत चौकटींच्या कागदावर माझंच अक्षर होतं, पस्तिसाव्या वर्षीचं, फार नीटनेटकं. माझी पहिली कथा. तेवीस वर्षांपूर्वी पाठवलेली. आईनं स्वतःच्या हातानं पोस्टात टाकलेली.

मागच्या अंगणात मावशी नळापाशी बसून हिवाळ्याच्या किमचीसाठी कोबीच्या गड्ड्यांत मीठ भरत होती. आईची मोठी रबरी घंगाळं तिला यासाठीच हवी होती. शहात्तर वर्षांची आहे, पण एकटी चाळीस गड्डे उरकते. मी पाकीट तिच्यासमोर धरलं.

"मावशी, हे काय आहे?"

तिनं बघितलं. मीठ धरलेली मूठ तशीच वर राहिली. "कुठं सापडलं?"

"जमिनीखाली. चुलीकडच्या बाजूला."

"तिथं ठेवलं होय," मावशी म्हणाली. "मला वाटलं होतं, जाळून टाकलं असेल."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"बस आधी. माझ्या डोक्यावर उभी राहू नकोस."

मी बसले नाही.

मावशीनं गड्डा घंगाळात ठेवला आणि रबरी हातमोजे एकेक करून काढले. "त्या दिवशी तू शाळेत शिकवायला गेली होतीस. तू पाकीट लिहून, बंद करून ताईकडे दिलंस आणि सांगितलंस, येता-जाता टाक, आज शेवटचा दिवस आहे. बरोबर?"

"बरोबर."

"ताई ते घेऊन कामावर आली. ठेवलं असतं पिशवीत तर काय झालं असतं? पण नाही, सगळ्या बायकांना दाखवायचं होतं. लेकीनं लिहिलंय, लेकीनं लिहिलंय. हात पाकानं बरबटलेले. पाकिटावर हा एवढा डाग पडला."

आई माशाच्या चकत्या करायच्या आवारात काम करायची. आमच्या साम्चनपो बंदरात तेच मोठं काम. माशाचे पातळ तुकडे गोड पाकात बुडवून जाळीच्या चौकटीवर कडेला कड लावत मांडायचे, आणि वाळल्यावर त्यांची एक अखंड गोल चकती होते. सांधा दिसता कामा नये. आईच्या चकतीत दिसायचा नाही.

"मग तिनं धावत जाऊन नवीन पाकीट आणलं," मावशी म्हणाली. "लाल पेनही आणलं. तू घरात चार वेळा म्हणाली होतीस ना, लाल शाई लागते, लाल शाई विसरायची नाही. तेवढं तिच्या डोक्यात. चौकट उलटी करून तिच्यावर पाकीट ठेवून बसली अक्षरं काढत. तुझ्या पाकिटावर बघायचं, एक रेघ काढायची. परत बघायचं, परत एक रेघ. तीन तास. मुकादम ओरडून थकला."

"आणि सगळं लाल."

"सगळं लाल. मी पोस्टात तिच्या मागेच उभी होते. मला चार अक्षरं यायची, तिला तेवढीही नाहीत. माझी नजर पाकिटावर गेली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, 'ताई, लेकीला जिवंतपणीच पोचवलंस की काय?'" मावशीनं हातातले मोजे मांडीवर सपाट केले. "मला गंमत करायची होती. माझी जीभ अशी आहे, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं.

"तिचा चेहरा असा पांढरा झाला. म्हणाली, 'कुठं आहे तिचं नाव? यातलं कुठलं?' बोट वर्तमानपत्राच्या नावावर ठेवलं, मग पत्त्यावर ठेवलं. मी तिला दाखवलं. लाल नावाचं तिला कळत नव्हतं असं नाही. यातलं तुझं नाव कुठलं, तेच तिला कळत नव्हतं, सन्ही."

नळाचं पाणी घंगाळातून वाहून माझ्या पायाशी आलं होतं. मी बाजूला झाले नाही.

"मग दुसरं पाकीट घ्यायचं होतं. तू लिहून द्यायचंस."

"पाच मिनिटं राहिली होती. मी म्हटलं, दे इकडे. ती देईना. पोटाशी धरून बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, या विषयावर एक शब्द बोललीस तर बहीण म्हणणार नाही."

"आणि मला सांगितलं, गेलं."

"हो. तुला सांगितलं, गेलं."

मावशीनं परत हातमोजे चढवले. मी अंगणात एका कडेपासून दुसऱ्या कडेला जात होते. त्या वर्षीचा एक जानेवारी मला लख्ख आठवत होता. मी वर्तमानपत्र उघडलं, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव वाचलं, आणि आईसमोर बसून रडले. म्हणाले, संपलं, आता लिहिणार नाही. आई उंबऱ्याशी उभी होती. "परत पाठव," ती म्हणाली. मी म्हटलं, "त्यांना आवडलं नाही, आई." ती म्हणाली, "तुला काय माहीत? परत पाठव." तेवीस वर्षं मी या वाक्यावर उभी होते. एका बाईला एक अक्षर वाचता येत नाही आणि तिचा माझ्यावर एवढा भरवसा आहे, असं मला वाटायचं.

"म्हणजे ती माझ्या मागे लागायची ते मनाला टोचत होतं म्हणून," मी म्हणाले. "दर वर्षी. झाली का कथा? कितवं पान? पाकीट आणलं का? मला वाटायचं, तिचा माझ्यावर विश्वास आहे."

"पहिली दोन वर्षं टोचत असेल," मावशी म्हणाली. "टोचणीपायी कुणी बावीस वर्षं पोस्टात जात नाही. नंतर तिला मजा यायला लागली होती. चार तारखेला ती ओठ रंगवून जायची, बघितलं नव्हतंस? एरवी लग्नालासुद्धा रंगवायची नाही."

"मला सांगायला हवं होतं."

"हवं होतं. नाही सांगितलं. आता तिच्याशी भांडायचं तर जा डोंगरावर तिच्या थडग्यापाशी, तिथं भांड." तिनं एक पान मिरचीच्या वाटणात बुडवून माझ्यापुढे धरलं. "खा. सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस."

मी पाकीट पिशवीत टाकलं आणि न खाता निघाले.

बंदरावर वारा होता. धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन मी परत फिरले, आणि परत टोकापर्यंत गेले. त्या जानेवारीनंतरच्या मार्चमध्ये आई नगरभवनातल्या म्हाताऱ्या बायकांच्या वर्गात जायला लागली होती. एकसष्ट वर्षांची. पहिल्या आठवड्यात तिनं मला एक कागद आणून दाखवला. त्यावर चाळीस वेळा माझं नाव होतं. शिक्षिकेनं म्हणे सांगितलं होतं, आधी स्वतःचं नाव शिका, आणि आईनं ऐकलं नव्हतं. मी तो कागद चौकटीत लावला. लेकीवरचं प्रेम म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आई तेव्हा तोंड फिरवून उभी राहायची. लाजते असं मला वाटायचं.

वाचायला आल्यावर तिनं माझी एकही कथा सोडली नाही. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, ऐंशी पानांना दोन आठवडे घ्यायची. मग एकच शेरा द्यायची. बहुतेक वेळा तो एकच असायचा. "ह्या बाईनं तिसऱ्या पानापासून काही खाल्लेलं नाही." मी चिडायचे. सांगायचे, आई, ती दुःखात आहे. "असू दे की," आई म्हणायची, "दुःखात माणूस जेवत नाही, असं ज्यानं कधी काम केलं नाही तोच लिहितो." चिडून का होईना, मी त्या बाईला भात वाढायचे. आणि दर वेळी ती बाई थोडी खरी व्हायची. हेही मी कधी आईला सांगितलं नाही. सांगायचं राहिलेलं आम्हा दोघींकडेही होतं.

तीन वाजता माझा वर्ग असतो. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथं शाळा सुटल्यावर पाच मुली निबंध लिहायला येतात. त्या यायच्या आधी मी उभ्या उभ्याच ती जुनी कथा वाचली. वाईट होती. मनापासून सांगते, वाईट होती. सुंदर सुंदर वाक्यं होती आणि त्यातल्या बाईनं साठ पानांत एक घोट पाणीही प्यायलं नव्हतं. ती पोचली असती तरी मला फोन आला नसता. या विचारानं मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी खोलीतली बाकं सरळ करत सुटले, आणि सरळ झालेली पुन्हा सरळ केली.

पाकीट टेबलावरच राहिलं. नऊ वर्षांची बोमी आत आली, दप्तर ठेवायला टेबलाशी गेली, आणि तिथंच थांबली.

"बाई, हे कोण वारलं?"

"कुणी नाही. जागेवर बस."

"बाई, हे तुमचंच नाव आहे." तिनं हात मागे घेतला. "बां-ग स-न्ही. लाल आहे."

"तपकिरी आहे," अकरा वर्षांची सोदाम वाकून बघत म्हणाली.

"लाल होतं ते. कडेला दिसतंय बघ. बाई, फाडून टाका. आधी नाव खोडा, मग फाडा."

आईला तीन तासांत जे दिसलं नाही ते या पोरीला दारातून दिसलं. तिला ते मीच शिकवलं होतं. मला खाली बसावंसं वाटलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा मी बसले.

"हे तेवीस वर्षांपूर्वी लिहिलंय," मी म्हणाले.

पाचही जणी हिशेब करायला लागल्या. तेवीस वर्षांत मी मेले नव्हते, हे त्यांच्या समोर होतं.

"मग काहीच झालं नाही?" बोमीनं विचारलं, जरा निराश होऊन.

"स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही."

"मग तेच झालं असणार."

"पण पाकीट गेलंच नव्हतं. माझ्या आईला लिहिता यायचं नाही. तिनं चुकून सगळं लाल लिहिलं. मग घाबरून टाकलंच नाही, लपवून ठेवलं."

मुलांना खोट्याची गोष्ट सांगितली की ती फार लक्ष देऊन ऐकतात, कारण त्यांच्याकडेही एखादी असतेच.

"तुम्हाला खरं सांगितलं नाही?" सोदाम म्हणाली.

"नाही."

"मग तुम्ही रागावलात?"

"सकाळपासून."

"मी असते तर मीही लपवलं असतं," बोमी म्हणाली. "पण मग मी आईला रोज विचारलं असतं, तुला बरं वाटतंय ना? बरं वाटतंय ना?" आणि ती स्वतःच हसली.

मला आईच्या हिवाळ्यातल्या सकाळच्या फोनची आठवण झाली. ती बाकी काही विचारायची नाही. "बरी आहेस ना?" आणि मग, "कितवं पान?" दोन्ही एका दमात, जणू एकच प्रश्न असावा.

"यंदाची पाठवली का?" सोदामनं विचारलं. माझी कथा दर डिसेंबरला जाते, हे माझ्या सगळ्या मुलींना माहीत असतं.

"पूर्ण झालेली नाही. दोन पानं राहिलीत."

"शेवटचा दिवस कधी आहे?"

मी टेबलावरचं पाकीट पिशवीत सरकवलं. सोदाम हुशार आहे. तिनं घड्याळाकडे बघितलं. साडेतीन वाजले होते.

"बाई," ती हळूच म्हणाली, "शेवटची ओळ लिहिल्याशिवाय कुणी दप्तर भरायचं नाही ना?"

हा माझ्या वर्गाचा नियम आहे. आणि तो माझा नाहीच. आई कामावर सुट्टीचा भोंगा झाला तरी चौकट अर्धी सोडायची नाही. अर्धी चौकट उन्हात ठेवली की मांडलेल्या तुकड्यांच्या कडा वळतात, मग त्यांची चकती होत नाही. ते तुकडे फेकायचे. बाकीच्या बायका हात धुऊन निघून जायच्या आणि मी शाळेतून येऊन चौकटीच्या बाजूला उभी राहून म्हणायचे, चल ना, आई, भूक लागली. "एवढी भरू दे," ती म्हणायची. मुलींना मी हे सगळं कधी सांगितलं नव्हतं. नुसता नियम सांगितला होता.

"वह्या काढा," मी म्हणाले. "आजचा विषय: कुणाला तरी न सांगितलेली गोष्ट. मी वाचणार नाही. लिहा आणि घरी न्या."

त्या लिहायला लागल्या. मी अठ्ठ्याहत्तर पानं बाहेर काढली.

कथा बंदरावरच्या एका बाईची आणि तिच्या लेकीची होती. कुणीही ओळखलं असतं. ती अडली होती, कारण शेवटी आईला कामावरून घरी आणायचं होतं आणि ती दारातून आत येत नव्हती. दोन महिने मी तिला दारात उभी करून ठेवली होती. आता मला कारण दिसलं. अठ्ठ्याहत्तर पानं त्या बाईनं एकही चूक केली नव्हती. सारखी बरोबर वागत होती, सारखी लेकीला धीर देत होती. अशी बाई दारातून आत येऊन करणार काय?

मी तिच्या पोटाशी एक पाकीट दिलं.

मग ती आत आली. लेकीनं विचारलं, गेलं का? ती म्हणाली, गेलं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं थंड भातात पाणी घातलं, आणि उभ्यानंच, लेकीकडे पाठ करून, वाटीभर खाल्ला. घास गिळताना तिचा घसा कसा हलत होता ते मी लिहिलं. वाटी विसळून ठेवली. एवढंच. एका चौकटीत एक अक्षर, दोनशे चौकटींचं एक पान. दुसऱ्या पानावर सात चौकटी उरल्या. त्या मी कोऱ्याच ठेवल्या.

मान वर केली तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. वर्ग पाचला सुटतो. एकीनंही दप्तर भरलं नव्हतं.

"तुम्ही का थांबलात?"

"तुमची ओळ राहिली होती ना," बोमी म्हणाली.

पाकीट मी तिथंच लिहिलं. बोमी माझ्या कोपराशी उभी राहून पहारा देत होती. पत्ता काळ्यानं. एक ओळ लाल. मग मी पेन बदलायला विसरले तर काय, म्हणून तिनं लाल पेन माझ्या हातातून काढून स्वतःच्या पाठीमागे धरलं. नाव काळ्यानं.

"आता बरोबर," ती म्हणाली.

पोस्टापर्यंतचा चढ मी अर्धा पळत गेले. या वयात पळणं शोभत नाही. समोरच्या बेकरीवाल्यानं विचारलंसुद्धा, कुठं आग लागलीय? आत शिरले तेव्हा सहाला दहा कमी होते. काउंटरवर नामगुंगभाऊ होते. तीसेक वर्षांपासून तेच आहेत. त्यांनी पाकीट घेतलं, अक्षर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"यंदा म्हातारीबाई नाही आल्या?"

"मार्चमध्ये गेली."

त्यांनी मान झुकवली. मग पाकीट वजनाला लावायच्या ऐवजी तसंच हातात धरून बसले. "मला वाटलंच होतं. पावणेसहापर्यंत कधी थांबायच्या नाहीत. सकाळी नऊला दार उघडायच्या आधी बाहेर उभ्या असायच्या. आणि शिक्का मारून झाला तरी हलायच्या नाहीत. म्हणायच्या, पोत्यात पडू दे. मी म्हणायचो, आजी, पडणारच आहे. म्हणायच्या, पडताना बघू दे."

ही गोष्ट मी तेवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. मी आईबरोबर कधी आलेच नव्हते. मला निकालाची भीती वाटायची.

"गेल्या वर्षी मला म्हणाल्या," नामगुंगभाऊ शिक्का उचलत म्हणाले, "पुढच्या वेळी लेक स्वतः आली तर नीट लक्ष ठेव. दारातून परत फिरेल. आमच्या घरात ती खोड आहे."

"तसं म्हणाली?"

"अगदी तसंच. मला वाटलं, तुमच्याबद्दल बोलताहेत."

त्यांनी शिक्का मारला. चार डिसेंबर. मागे लटकवलेल्या पोत्याकडे ते वळले, थांबले, आणि पाकीट माझ्याकडे करून विचारलं, "बघणार?"

"बघते."

त्यांनी हात उंच करून सोडलं. पाकीट आधीच्या पाकिटांवर आपटलं, घसरलं, आणि कडेनं आत गेलं. आवाज फार नव्हता.

"पडलं," नामगुंगभाऊ म्हणाले. "आता निघा. मला दार लावायचंय."

बाहेर अंधारून आलं होतं. पायरीशी मालसुन मावशी उभी होती. हाताला मिरचीचा वास, काखेत कापडात बांधलेला डबा. उभी राहून राहून तिचं नाक लाल झालं होतं. सकाळपासून घंगाळांत चाळीस गड्डे ठेवून ही इथं कधीपासून उभी आहे, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

"गेलं?" तिनं विचारलं.

"गेलं."

तिनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तू बघितलंस? तुझ्या डोळ्यांनी?"

"बघितलं, मावशी. पोत्यात पडलं."

तरीही तिची खात्री पटेना. मला बाजूला सारून ती दोन पायऱ्या चढली, काचेला नाक लावून आत डोकावली, आणि नामगुंगभाऊंनी आतून हातानं पोतं दाखवलं तेव्हा कुठं खाली उतरली. मग पायरीवर बसून तिनं डबा उघडला. ताजी किमची होती, उकडलेलं डुकराचं मांस होतं, आणि भात अजून गरम होता.

"बस," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षीचं काय ठरवलंयस?"

"मावशी, आत्ता तर टाकलंय."

"मी काय वाचणार आहे का? ताई विचारायची म्हणून विचारलं. कितवं पान?"

तोंडात घास होता, म्हणून मी एक बोट वर केलं.